प्रपंचाची वही, परमार्थाची वाट



आज ज्या विषयावर लिहितो आहे तो कीर्तनाच्या मंडपात सहसा निघत नाही, पण वारीच्या वाटेवर निघतो. दोन पुरुषांनी किंवा दोन स्त्रियांनी आपसांत लग्न करायचे आणि सरकारने ते वहीत नोंदवायचे, हे धर्माला धरून आहे का, असे तरुण वारकरी विचारतात. उद्या तसा कायदा झाला तर आपल्या मठात, आपल्या मंडपात अशी लग्ने लावून द्यावी लागतील का, असेही विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहेत, म्हणून ते हसून टाळू नयेत आणि रागाने दडपूही नयेत.

माझी नोकरी नोंदणी खात्यात झाली. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का आणि समोर विवाह नोंदणीची वही, अशी तीस वर्षे गेली. त्यामुळे या विषयाच्या दोन्ही बाजू माझ्या रोजच्या परिचयाच्या आहेत. मला जे समजले ते तुमच्यापुढे ठेवतो. पटेल तेवढे घ्या.

पहिली गोष्ट अशी की वर लिहिलेले प्रश्न एक नाहीत, दोन आहेत. सरकारने कोणाचे लग्न नोंदवावे हा एक. संप्रदायाने कोणते लग्न आपल्या विधीने लावावे हा दुसरा. आपल्याकडे यासाठी दोन जुने शब्द आहेत, प्रपंच आणि परमार्थ. घर, शेत, वारसा, दवाखाना, पेन्शन हा प्रपंच, आणि त्याचा हिशेब सरकार ठेवते. नाम, व्रत, उपासना हा परमार्थ, आणि त्याचा हिशेब सरकारने मागू नये. हे दोन्ही हिशेब एकाच हातात गेले की काय होते, ते पाहण्यासाठी तुम्हाला जरा लांब, आयर्लंड देशात नेतो. त्या गोष्टीचा एक धागा आपल्या मालवण तालुक्यापर्यंत येतो, म्हणून तीच निवडली.

आयर्लंड हा इंग्लंडच्या पश्चिमेला असलेला बेटावरचा देश. आपल्यासारखाच इंग्रजांच्या राज्यातून सुटलेला. तिथली बहुसंख्य माणसे कॅथलिक ख्रिस्ती, आणि त्यांची भाविकता आपल्याला ओळखीची वाटावी अशी. दरवर्षी जुलैच्या शेवटच्या रविवारी क्रोक पॅट्रिक नावाच्या डोंगरावर हजारो यात्रेकरू चढतात. त्यातले काही जण दगडगोट्यांच्या वाटेवरून अनवाणी जातात. अशा समाजाने स्वतःचे राज्य आल्यावर धर्माला मानाचे पान दिले, यात नवल नाही. १९३७ च्या राज्यघटनेत कॅथलिक चर्चचे ‘विशेष स्थान’ लिहून ठेवले गेले. घटस्फोटाला त्याच घटनेत बंदी होती, कारण चर्चला घटस्फोट मान्य नव्हता. शाळा, रुग्णालये, अनाथाश्रम यांतले पुष्कळसे चर्चच्या संस्थांच्या हातात होते.

हेतू चांगला होता असे धरून चालू. पण त्यातून काय झाले? लग्नाआधी दिवस राहिलेल्या मुलींना कुटुंबे आश्रमांत नेऊन सोडू लागली. जोगिणी चालवत असलेल्या ‘मॅग्डलेन’ धोबीखान्यांत हजारो स्त्रियांनी मजुरीशिवाय कपडे धुतले. त्यातल्या कित्येकींना सरकारी यंत्रणेनेच तिथे पाठवले होते. शेवटचा धोबीखाना १९९६ मध्ये बंद झाला आणि २०१३ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी संसदेत उभे राहून त्या स्त्रियांची माफी मागितली. टूम नावाच्या गावी अशा एका माता-बालक आश्रमाच्या जागेत पुरलेल्या बालकांचे अवशेष सापडल्याचे चौकशी आयोगाने २०१७ मध्ये जाहीर केले. धर्मपीठाने पाप ठरवायचे आणि सरकारने त्या ठरावाची अंमलबजावणी करायची, अशी ही व्यवस्था होती. त्यात त्या मुलींना दाद मागायला तिसरे दार उरले नव्हते.

याचा सर्वांत मोठा तोटा शेवटी चर्चलाच झाला, हे आपण वारकऱ्यांनी नीट लक्षात घ्यावे. सत्तेच्या बळावर माणसे प्रार्थनेला येत होती, ती सत्तेचा धाक ओसरला तशी येईनाशी झाली. ज्यांची श्रद्धा खरी होती, त्यांनाही आपल्या गुरुजनांच्या नावाने मान खाली घालावी लागली.

त्या देशातले लोक हळूहळू या दोन गोष्टी वेगळ्या करू लागले. १९७२ मध्ये जनतेने मतदान करून चर्चचे ‘विशेष स्थान’ घटनेतून काढले. घटस्फोटाची बंदी उठवण्याचा प्रयत्न १९८६ मध्ये फसला. १९९५ मध्ये ती उठली, पण देशभरात मिळून जेमतेम नऊ हजार मतांच्या फरकाने. यावरून त्या समाजाच्या मनात किती ओढाताण होती ते कळते.

समलिंगी माणसांचा प्रश्नही याच वाटेने गेला. दोन पुरुषांच्या संबंधांना गुन्हा ठरवणारे कायदे तिथे इंग्रजांनी १८६१ आणि १८८५ मध्ये केलेले होते. आपल्या दंडसंहितेतले ३७७ वे कलमही त्याच राज्यकर्त्यांनी १८६० मध्ये लिहिलेले. एकाच मालकाने दोन घरांना लावलेली ही कुलुपे. डेव्हिड नॉरिस नावाच्या प्राध्यापकाने युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत दाद मागितली आणि १९८८ मध्ये तो जिंकला. त्यानंतर १९९३ मध्ये आयर्लंडने तो गुन्हा रद्द केला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरते ३७७ कलम काढून टाकले.

मग प्रश्न आला लग्नाचा. आयर्लंडने त्यासाठी जी रीत काढली ती मला फार आवडते. शंभर माणसांची एक सभा बसवली. अध्यक्ष एक, लोकप्रतिनिधी तेहतीस, आणि बाकीचे सहासष्ट जण मतदारयादीतून नमुन्यादाखल निवडलेले साधे नागरिक. त्यांनी दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकले, प्रश्न विचारले, आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये ७९ टक्के सदस्यांनी समलिंगी विवाहाच्या बाजूने मत दिले. त्यानंतर २२ मे २०१५ रोजी साऱ्या देशाने मतदान केले. धर्मगुरूंनी विरोध केला, तो त्यांचा अधिकारच होता. पण मेरी मॅकअलीस या माजी राष्ट्राध्यक्षा, स्वतः श्रद्धाळू कॅथलिक आणि चर्चच्या धर्मशास्त्राच्या अभ्यासक, मुलासाठी आणि त्याच्यासारख्या इतरांसाठी उघडपणे बाजूने बोलल्या. परदेशात कामाला गेलेली तरुण मुले केवळ मत द्यायला विमानाने, बोटीने घरी आली. सुमारे ६२ टक्के लोकांनी होकार दिला. जनतेच्या मतदानाने असा बदल करणारा तो जगातला पहिला देश ठरला. डब्लिनचे आर्चबिशप डीरमिड मार्टिन या बदलाच्या विरोधात होते. तरी निकालानंतर त्यांनी लोकांना दोष दिला नाही. चर्चने आता वास्तवाकडे डोळे उघडून पाहिले पाहिजे, असे ते म्हणाले. विरोध कसा करावा आणि हरल्यावर कसे वागावे, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

आता तो मालवणचा धागा. त्या वेळी आयर्लंडचे आरोग्यमंत्री होते लिओ वराडकर. त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे डॉक्टर, आई आयरिश परिचारिका. १८ जानेवारी २०१५ रोजी, आपल्या ३६ व्या वाढदिवशी, त्यांनी रेडिओवरच्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचे सांगितले. दोन वर्षांनी, जून २०१७ मध्ये, ते देशाचे पंतप्रधान झाले. २०१९ च्या डिसेंबरअखेर ते आईवडिलांसह आणि कुटुंबासह वराडला आले, तेव्हा गावाने आपल्या लेकराचे स्वागत करावे तसे त्यांचे स्वागत केले. आपली कोकणातली माणसे शहाणी. पाहुणा घरी आला की त्याच्या घरात कोण कोण आहे याचा पंचनामा ती करत नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आयर्लंडमध्ये कायदा बदलल्यावर चर्चचे काय झाले? तिथे पाद्री हा नुसता धर्मगुरू नसतो. चर्चमध्ये लागलेल्या लग्नाच्या सरकारी कागदावर वधूवर आणि साक्षीदारांच्या सह्या तोच घेतो. म्हणजे आपल्यापेक्षा तिथे गुंता अधिक. तरी २०१५ च्या विवाह कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की कोणत्याही धर्मसंस्थेला किंवा धर्मगुरूला आपल्या विधीत न बसणारे लग्न लावायला भाग पाडता येणार नाही. आजही कॅथलिक चर्चमध्ये दोन पुरुषांचे लग्न लागत नाही. ते सरकारी निबंधकासमोर लागते. धर्मगुरूची वेदी त्याच्याकडे राहिली आणि नागरिकाची वही नागरिकाला मिळाली. ज्याला प्रपंच आणि परमार्थ वेगळे राखणे म्हणतात, ते याहून वेगळे काय असते?

तुम्ही म्हणाल, तो परका देश, परका धर्म. खरे आहे. आपल्याकडे मंदिर आणि सरकार यांच्यात तिथल्यासारखी भिंत नाही. पंढरपूरचे मंदिर १९७३ च्या कायद्याखाली चालते आणि आषाढी एकादशीची शासकीय महापूजा मुख्यमंत्री करतात. तरीही लग्नाच्या बाबतीत आपल्या कायद्याने दोन दारे फार पूर्वीच वेगळी केली आहेत. १९५५ चा हिंदू विवाह कायदा विधीला मानतो. सप्तपदीची रूढी असेल तिथे सातवे पाऊल पडले की लग्न पूर्ण झाले, असे तो म्हणतो. दुसरे दार १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचे. तिथे अक्षता नाहीत, मंगलाष्टका नाहीत. तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार आणि विवाह अधिकाऱ्यासमोर सह्या, एवढेच.

या दुसऱ्या दाराचा इतिहास माळकऱ्याने मुद्दाम वाचावा असा आहे. पहिला असा कायदा १८७२ मध्ये, केशवचंद्र सेन आणि ब्राह्मो समाजाच्या खटपटीतून झाला. पण त्याने लग्न करायचे तर आपण हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, असे लिहून द्यावे लागे. सरकारच्या वहीत नाव घालण्यासाठी माणसाने आपला देव नाकारायचा! १९२३ मध्ये हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांच्यापुरती ती अट गेली. १९५४ मध्ये सगळ्यांचीच गेली. मधल्या काळात, १९१९ मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याचा आधार दिला. त्या प्रत्येक वेळी कोणी ना कोणी म्हणालेच की आता धर्म बुडणार. धर्म बुडाला नाही. वारी दरवर्षी निघते आणि दरवर्षी वाढतेच आहे.

समलिंगी जोडप्यांनी आपल्या सर्वोच्च न्यायालयाकडे मागितले ते हेच दुसरे दार. २०२३ च्या एप्रिलमध्ये सुनावणी सुरू झाली, तेव्हाच न्यायालयाने सांगितले की धर्मांच्या व्यक्तिगत कायद्यांना आम्ही हात लावणार नाही, फक्त विशेष विवाह कायद्याचा विचार करू. म्हणजे कोणाच्या होमकुंडाचा किंवा निकाहाचा प्रश्न तिथे नव्हताच. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. विवाह हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही आणि त्या कायद्याचे शब्द बदलणे हे न्यायालयाचे काम नाही, असे पाचही जणांचे मत पडले. लग्नाशिवाय दुसऱ्या एखाद्या नात्याला कायदेशीर मान्यता देण्याच्या प्रश्नावर मते तीन विरुद्ध दोन अशी विभागली आणि ती मागणीही फेटाळली गेली. पण अशा जोडप्यांना एकत्र राहण्याचा अधिकार आहे, हेही न्यायालयाने म्हटले. त्यांच्या अडचणी पाहण्यासाठी केंद्राने मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०२४ मध्ये शिधापत्रिका आणि बँकेचे संयुक्त खाते यांबाबत काही खुलासे निघाले. फेरविचाराच्या याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. आता जे व्हायचे ते संसदेत, म्हणजे तुमच्या-माझ्या प्रतिनिधींकडून. म्हणून तर हे आपल्याशी बोलायचे.

या कोरड्या तारखांमागे माणसे असतात. आमच्या दिंडीत दोघी बाया पुष्कळ वर्षे येत. एक शाळेतल्या बाई, दुसऱ्या परिचारिका. दोघींनी लग्न केले नव्हते. बावीस वर्षे एका घरात राहिल्या. बाई पुढे टाळ घेऊन चालायच्या, सिस्टर मागे भाजलेल्या पायांना मलम लावत यायच्या. त्यांचे नाते काय, असे दिंडीत कोणी विचारले नाही. वारीत सगळ्यांना एकच हाक असते, माउली. तीत पुरुष-बाई हा भेदही उरत नाही.

बाई अचानक वारल्या. घर बाईंच्या नावावर होते. तेराव्यानंतर बाईंचे पुतणे आले आणि त्यांनी दाराला नवे कुलूप लावले. सिस्टरना आपले कपडे आणि देव्हारा घेण्यासाठी सरपंचांना मध्यस्थी घालावी लागली. पुढे एकदा मुक्कामावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. मी कोणत्या खात्यात होतो ते त्यांना ठाऊक होते. त्यांनी हळू आवाजात आपले नाते सांगितले आणि विचारले, “भाऊ, एखादा कागद असेल का हो, ज्यात मी त्यांची कोणीतरी आहे असं निघेल?”

तसा कागद नव्हता. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे अविवाहित, निपुत्रिक बाईची मालमत्ता आधी आईवडिलांकडे जाते, ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे भावाबहिणींकडे आणि भाऊ नसेल तिथे पुतण्यांकडे. कुटुंब निवृत्तिवेतन पतीला, पत्नीला, मुलांना. बावीस वर्षे औषध-पाणी करणाऱ्या, शेवटच्या रात्री उशाशी बसलेल्या माणसासाठी त्या यादीत ओळच नाही. पुतण्यांनी कायदा मोडला नाही. कायद्याने त्यांना दिले तेच त्यांनी घेतले. माउली, लग्नाची सरकारी नोंद म्हणजे काय, ते मला तीस वर्षे वही लिहूनही त्या दिवशी जितके दिसले तितके कधी दिसले नव्हते. मेलेल्या माणसाच्या दारात उभे राहून ‘मी इथली आहे’ असे म्हणण्याचा तो अधिकार आहे. तिथे देवाधर्माचा प्रश्न येतोच कुठे?

आता आपल्या घरची गोष्ट. ती तुम्ही शंभर कीर्तनांत ऐकली आहे, पण या अंगाने एकदा पुन्हा ऐका. विठ्ठलपंतांनी काशीला जाऊन संन्यास घेतला. पुढे गुरूंना सगळी हकीकत कळली आणि त्यांच्या आज्ञेने ते आळंदीला परत येऊन रुक्मिणीबाईंसोबत संसार करू लागले. लग्न झालेलेच होते, पती-पत्नी दोघांची संमती होती, गुरूंची आज्ञा होती. तरी ब्रह्मवृंदाने ठरवले की हे घर धर्मबाह्य आहे. घर वाळीत पडले. मुलांची मुंज होईना. परंपरा सांगते की शेवटी देहान्त प्रायश्चित्ताचा निर्णय मिळाला आणि त्या दोघांनी प्रयागला जाऊन देह सोडला. मागे राहिलेली चार भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत चालत गेली.

त्या आईबापांनी काय मागितले होते? आपल्या घराला घर म्हणावे, एवढेच. त्यांना न्याय मागायला दुसरी जागा नव्हती, कारण धर्म ठरवणारे आणि समाजातला हक्क ठरवणारे हात एकच होते. ज्या माउलींचे नाव घेऊन आपण आळंदीहून पाऊल उचलतो, ते अशा नाकारलेल्या घरातले लेकरू आहे. म्हणून मला वाटते, कोणाचे घर मान्य आणि कोणाचे अमान्य हे धर्मपीठाने सरकारच्या लेखणीने लिहावे, या व्यवस्थेला सर्वांत आधी नको म्हणायचे ते वारकऱ्याने. संतांनी समलिंगी विवाहाला संमती दिली होती असा दावा मी करत नाही. त्यांच्या तोंडी आपले शब्द घालणे बरे नव्हे. पण वाळीत टाकणे काय असते, ते आपल्या परंपरेला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नाही. कान्होपात्रेला पंढरीच्या राउळात विसावा मिळाला. चोखोबा मात्र महाद्वाराबाहेर राहिले.

चोखोबांचे नाव घेतले की एक अडचणीचा प्रश्न येतो, आणि तो मीच विचारतो. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, दहा दिवस उपोषण केले आणि मंदिर हरिजनांना खुले झाले. त्याच वर्षी मुंबई सरकारने मंदिरप्रवेशाचा कायदाही केला. तेव्हा तर सरकार मंदिरात शिरलेच ना? मग उद्या लग्नाच्या बाबतीत शिरणार नाही कशावरून?

माझे उत्तर असे आहे. विठ्ठलाचे दर्शन ही सगळ्या जनतेची वाट आहे. ती अडवून ठेवणे हा माणसाच्या नागरिक म्हणून असलेल्या मानाचा प्रश्न होता, म्हणून कायदा आला. कोणत्या लग्नाला कोणता विधी, हा उपासनेच्या आतला प्रश्न आहे, आणि घटनेच्या २५ व्या व २६ व्या कलमांनी आपल्या श्रद्धेने चालण्याचे आणि आपल्या संप्रदायाचे धर्मव्यवहार चालवण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. आयर्लंडसारखे आपल्या कायद्यातही ते स्वच्छ शब्दांत लिहून घ्यावे, ही मागणी वारकऱ्यांनी जरूर करावी. मात्र आपल्या मंडपाला संरक्षण मागायचे आणि दुसऱ्याच्या घराला कुलूप राहू द्यायचे, हे एकाच तोंडाने बोलता येणार नाही.

आणखी एक आक्षेप मी ऐकतो की विवाह हा संस्कार आहे, करार नव्हे. आपल्यासाठी तो संस्कार आहेच. माझे लग्न अग्नीसमोर झाले आणि ते मला पवित्र वाटते. पण माझ्या टेबलासमोर सह्या करून गेलेल्या शेकडो जोडप्यांमुळे माझी सप्तपदी एका पावलानेही कमी झाली नाही. संस्काराचे पावित्र्य शेजाऱ्याच्या कागदावर अवलंबून असेल, तर ते पावित्र्य फारच नाजूक म्हणायचे.

मग आपण करायचे काय? मोर्चा काढा असे मी म्हणत नाही. संसदेत हा विषय येईल तेव्हा माळेच्या नावाने त्याला विरोध करायला कोणी बोलावले, तर तो प्रपंचाचा प्रश्न आहे की परमार्थाचा, एवढे त्याला शांतपणे विचारा. घरातल्या मुलाने किंवा मुलीने कधी धीर करून आपले मन सांगितले, तर त्याला वाळीत टाकू नका. आपण आळंदीची माणसे आहोत. आणि कायदा व्हायला वेळ लागेल, तोवर एक साधे काम आहे. येत्या वारीत तुमच्या दिंडीत त्या दोघींसारखी जोडी चालत असेल तर नाते विचारू नका. ओळख जमली, विश्वास बसला, तर एवढेच विचारा की मृत्युपत्र केले आहे का. नसेल केले, तर त्यांना घेऊन दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जा, कागद नोंदवून घ्या, आणि साक्षीदार म्हणून खाली तुमची सही करा.

रामकृष्णहरी.